चार नंबरचा स्टेथो

आमच्या वॉर्डातला पहिला नियम मी केलेला आहे: ज्या वॉर्मरचा स्टेथो, तो त्याच वॉर्मरला. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा उघडा पाळणा. दिवसांआधी जन्मलेली बाळं त्यात ठेवतात. प्रत्येक वॉर्मरच्या दांडीला एक स्टेथोस्कोप लटकलेला, नळीवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर नंबर. एका बाळाच्या अंगावरचे जंतू दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नयेत, एवढाच त्याचा अर्थ. पण ही एवढीशी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरवता शिरवता माझा घसा बसला. कोणी स्वतःचा स्टेथो गळ्यात घालून आत आलं की मी सगळ्यांदेखत झापते. चारुता मॅडमचं डोकं कायम फिरलेलं असतं असं पुलगावपासून आर्वीपर्यंत बोलतात. बोलू देत. ओंजळीत मावणाऱ्या जिवापुढे मोठ्या माणसांच्या मानापमानाची मला पडलेली नाही.

हॉस्पिटल एका ट्रस्टचं आहे, पुलगाव-आर्वी रस्त्यावर. आजूबाजूला कपाशी, मागच्या अंगाला एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की खिडक्या लावल्या तरी कापसाची तूस आत येते, म्हणून आम्ही फटींना ओली फडकी लावतो. लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोकडून स्फोटाचा आवाज आला की काचा हादरतात आणि वॉर्डातली सगळी बाळं एकदम हात पसरतात. नव्या सिस्टर घाबरतात. बाळं मात्र लगेच परत झोपून जातात.

मेघाचं बाळ चार नंबरच्या वॉर्मरवर होतं. पूर्ण दिवस भरायला जवळजवळ तीन महिने बाकी असताना आलेलं, किलोभर वजनाचं. नाव ठेवलेलं नव्हतं. आमच्याकडे तोवर आईच्या नावानेच हाक मारतात. बाप विवेक पुलगावला शाळेत विज्ञान शिकवायचा, शांत माणूस. आजी तानाबाई शांत नव्हती. तिचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाजलं आणि खरं सांगते, ती मला त्याच दिवसापासून आवडली.

बाळाच्या छातीत घरघर होती.

पोटातल्या प्रत्येक बाळाला हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जोडणारी एक बारीक नळी असते. पोटात फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, तेव्हा रक्त त्या आडवाटेनं जातं. जन्मून श्वास घेतला की दोन-तीन दिवसांत ती नळी आपली आपण मिटते. घाईनं आलेल्या बाळांत कधी कधी मिटत नाही. मग नको तेवढं रक्त फुप्फुसांत भरत राहतं, श्वास जड होतो, आणि तळहातावर बोट ठेवलं तरी नाडी उड्या मारताना लागते. स्टेथो लावला की दोन ठोक्यांमधली जागा भरून टाकणारा अखंड आवाज येतो. पुस्तकं त्याला मशीनचा आवाज म्हणतात. मागचं जिनिंग ऐकलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

अशा बाळाला आधी थोडा वेळ द्यायचा, कारण पुष्कळांची नळी उशिरा का होईना मिटते. पाणी मोजून द्यायचं. नाहीच जमलं तर शिरेतून पॅरासिटामॉल. हे सगळं मी तानाबाईला समजावून सांगितलं.

"तापाचं औषध?" ती म्हणाली. "अव बाई, आंगाले हात लावून पाहा त्याच्या. ताप कुठी हाये त्याले?"

"त्या औषधानं नळी बंद होते, आजी."

"दूधबी मोजून, पानीबी मोजून. लेकराले उपाशी मारता का तुमी?"

"आई, चूप राहा नं," मेघा म्हणाली. तिचे टाके अजून ओले होते. भिंतीला धरून ती दिवसातून चार वेळा येऊन उभी राहायची, बाळाला छातीशी घेण्याचा हट्ट करायची. नळ्यांसकट तिच्या पदराखाली ठेवलं की बाळ बरं राहायचं.

औषधाचा एक फेरा झाला, दुसराही झाला. नळी मिटली नाही. बाळाचा श्वास दमायला लागला, श्वासाचं मशीन लावावं लागलं, आणि घशातल्या नळीतून गुलाबी फेस आला. आता नागपूरला नेऊन ती वाहिनी शस्त्रक्रियेनं बंद करणं एवढंच उरलं होतं.

हे चार दिवस आधी कळलं असतं. हृदयाची सोनोग्राफी करायचं मशीन आमच्याकडे आहे, फक्त त्याचा लहान बाळांच्या छातीवर टेकवायचा प्रोब दिवाळीपासून बंद होता. भैयाजींना मी दर आठवड्याला सांगत होते. भैयाजी म्हणजे ट्रस्टचे सचिव. कडक इस्त्रीचा पांढरा कुडता, मऊ आवाज, कधी म्हणून न चिडणारा माणूस. अशा माणसांचा मला फार संताप येतो.

"होऊन जाईल मॅडम," ते म्हणाले. "कंपनीवाल्याशी बोलणं सुरू आहे."

"भैयाजी, बोलणं सुरू आहे आणि तिकडे बाळ तोंडातून रक्त काढतंय!"

"तुम्ही शांत व्हा. चहा मागवू का?"

मी चहा घेतला नाही. दार आपटलं, ते माझ्याच बोटावर आलं.

दुपारी अँब्युलन्स लागली. माझा ज्युनियर मिहिर बाळासोबत जाणार होता. समीक्षा सिस्टरनं नळ्या गुंडाळल्या, टोपी घातली, मेघानं उशाशी ठेवलेला आपल्या जुन्या साडीचा तुकडा सोबत दिला. मग समीक्षानं दांडीचा स्टेथो काढला.

"मॅडम, हा देऊ का मिहिर सरांजवळ? याला हाच लागते. दुसऱ्यानं याचा आवाज बरोबर येतच नाही."

सकाळपासूनचं सगळं तिच्यावर निघालं. "नियम पाठ आहे ना समीक्षा? वॉर्मरचा स्टेथो वॉर्मरलाच राहील! काही झालं तरी तो इथून हलणार नाही!"

मी बाळाच्या अगदी डोक्यावर ओरडत होते. त्याच क्षणी डेपोकडे काहीतरी उडालं, काचा थरथरल्या, आणि वॉर्डातल्या सगळ्या बाळांनी हात पसरले. मेघाच्या बाळानं पसरले नाहीत. ते डोळे उघडे ठेवून पडलं होतं. समीक्षानं स्टेथो परत दांडीला अडकवला आणि आम्ही बाळाला बाहेर नेलं.

तासाभरानं मी परत आत आले. वॉर्मर चार पुसून झालेला, गादी उघडी, दिवा बंद. औषधाचा वास येत होता. मी स्टेथो स्पिरिटनं पुसायला घेतला, आणि पुसून झाल्यावर ठीक चालतो का पाहायला सवयीनं कानात घातला. टिचकी मारायला बोट उचललं होतं. मारली नाही.

आत घरघर चालू होती.

बोट न लावता मी ऐकत उभी राहिले. भरधाव ठोके आणि मधली जागा भरणारा तोच आवाज. आधी वाटलं, जिनिंग. पण त्या दिवशी जिनिंगला सुट्टी होती. मग वाटलं, शेजारच्या वॉर्मरचा पंप. मी पाच नंबरचा स्टेथो घेऊन त्याच गादीवर ठेवला, काही नाही. चारचा हवेत धरला, घरघर. उशीत दाबला, घरघर. माझ्या स्वतःच्या छातीवर ठेवला. माझे ठोके ऐकूच आले नाहीत, त्याचेच आले.

"समीक्षा, इकडे ये. काय ऐकू येतं सांग."

तिनं ऐकलं. कानातून काढून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घातला.

"हा तर मेघाचा आहे," ती म्हणाली.

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"तुम्हीच विचारलं नं मॅडम."

मी तिच्या हातातून तो ओढून घेतला. माझा कशावर विश्वास नाही. मी आईच्या तेराव्यालाही ड्यूटीवर होते. कारण सापडेपर्यंत ऐकायचं, असं ठरवून मी स्टुलावर बसले. नळीला कुठे चीर आहे का पाहिलं, छातीवर टेकवायची घुमटी उघडून आतली चकती पाहिली. सगळं धड होतं. आणि मी पाहत असतानाच आवाज बदलला. ठोके मंदावले. आधी थोडे, मग भराभर, दमलेल्या माणसाच्या पावलांसारखे लांब लांब पडायला लागले.

हा आवाज मला ओळखीचा आहे. बाळाला श्वास मिळत नाही तेव्हा हृदय असं चालतं.

"मिहिरला फोन लाव. स्पीकरवर ठेव."

तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला तेव्हा तिकडून सायरन आणि ड्रायव्हरच्या शिव्या ऐकू आल्या.

"मिहिर, श्वासाची नळी बघ!"

"मॅडम, आत्ताच घशातून सरकली. सेलूच्या पुढे एक ट्रक आडवा आलाय, ब्रेक जोरात लागला. मी बॅगनं श्वास देतोय." बॅगेचा आवाज ऐकू आला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दे तू. जरा हळू दाब. हां. आता चढतायत ठोके. असंच दे."

"मॅडम, तुम्ही काय बघताय?"

मी एका कानानं त्याला ऐकत होते आणि दुसऱ्यानं बाळाला. ठोके वर आले, घरघर पूर्ववत झाली. मी फोन बंद केला. समीक्षा वॉर्मरला धरून उभी होती. मी स्टेथो परत दांडीला अडकवला.

दोन दिवसांनी नागपूरला शस्त्रक्रिया झाली. मी ओपीडी सोडून वॉर्मर चारपाशी बसले होते. दुपारी कधीतरी घरघर बारीक झाली आणि नळ घट्ट पिळल्यासारखी थांबली. मागे उरले स्वच्छ, सुटे ठोके. मला रडू आलं. त्याचाही मला राग आला. थोड्या वेळानं तिकडच्या सर्जनचा फोन आला, नळीला क्लिप बसली, बाळ छान आहे म्हणून.

"एक गंमत सांगू का?" तो म्हणाला. "मॉनिटर झकास आहे, सोनोग्राफीत हृदय व्यवस्थित चालतंय, पण स्टेथोनं काही ऐकू येत नाही. ड्रेसिंगमुळे असेल."

"परत ऐका ना."

"अहो मॅडम, मॉनिटर आहे की! आजकाल ऐकतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी वॉर्मर चारला नवीन बाळ आलं, म्हणून मी दांडीला नवा स्टेथो लावला आणि जुना वॉर्डातल्या कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. राउंड संपला की रोज तो कानाला लावायचे. महिनाभरात ठोके सावकाश झाले, वाढणाऱ्या बाळाचे होतात तसे. कधी उचकी लागलेली कळायची. कधी ठोके एकदम धावायचे, मग समजायचं की तिकडे कोणीतरी सुई टोचली. मला त्या अनोळखी माणसाचाही राग यायचा.

तो नागपूरला का नाही पाठवला? पाठवून काय सांगणार होते? बाळाचा आवाज चुकून इथे राहिला, घ्या? लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला तो जागेवरून हलवायची भीती वाटत होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाळ घरी आलं, नाचणगावला. आठवड्याभरात मेघा आणि तानाबाई त्याला दाखवायला घेऊन आल्या. नाव ठेवलं होतं सम्यक. गालाला खळी, मांड्यांना वळ्या, डाव्या काखेखाली शस्त्रक्रियेची बारीक रेघ. तानाबाईनं त्याला माझ्या टेबलावर असं ठेवलं की जणू मीच पैजेत हरले होते.

"पाहा आता, कसा झाला."

"मस्त झालाय, आजी."

मी ओपीडीतला स्टेथो त्याच्या छातीवर ठेवला. श्वास ऐकू आला, आत-बाहेर, मोकळा. बाकी काही नाही. जागा बदलली. डावीकडे, मधे, पाठीवर. दुसरा स्टेथो मागवला, तेच. नाडी बोटाला लागत होती, पायाला लावलेल्या यंत्रावर आकडे सुरळीत होते, बाळ माझी बांगडी ओढत होतं. छातीत मात्र काही वाजत नव्हतं.

"काय झालं मॅडम?" मेघानं विचारलं.

"काही नाही. आलेच मी."

वॉर्डात जाऊन मी ड्रॉवर उघडला. रिकामा. आत नवा कागद अंथरलेला. मी आदल्या दिवशी रजेवर होते.

"समीक्षा!"

"तपासणीवाले येणार आहेत नं मॅडम," समीक्षा धावत आली. "भैयाजींनी काल सगळे स्टेथो नवे आणले. जुने सारे नेले. मी इथं नव्हती, मला आत्ताच समजलं. मी ड्रॉवरच पाहायला येत होती."

भैयाजी आपल्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, घडी केला. "भंगारात दिले, मॅडम. तुमचाच तर नियम. एका वॉर्मरला एक स्टेथो. मग ड्रॉवरमधला जास्तीचा कशाला ठेवायचा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझाच नियम, माझ्याच आवाजात पाठ केलेला, तो माणूस मला शांतपणे परत देत होता.

"कोणाकडे दिले?"

"पुलगावला, स्टेशनच्या मागे. पण आता तिथे काय..."

मी बाळाला वॉर्डात घ्यायला सांगितलं, समीक्षाला त्याच्यापाशी उभं केलं आणि गाडीची किल्ली घेतली. जाताना तानाबाईनं माझा हात धरला.

"काय लपवून राह्यली तू? खरं सांग."

मी खरं सांगितलं. ओपीडीच्या दारात, उभ्या उभ्या, लोक ऐकत असताना. नळी, घरघर, ड्रॉवर, भंगार. मला वाटलं ती हसेल, नाहीतर रडेल. तिनं माझा हात झिडकारला.

"आमचं लेकरू अर्धं इथंच ठेवून घेतलं व्हय तुमी? आमाले न सांगता? काऊन?"

मी गाडी पळवली. रस्ताभर जे समोर आलं त्याला शिव्या दिल्या.

भंगाराच्या वाड्यात ऊन पडलं होतं. सलाइनचे स्टँड, गंजलेल्या खाटा, बेडपॅन, आमचंच सामान. एक म्हातारा माणूस पत्र्यावर उकिडवा बसून मोठ्या कात्रीनं रबर आणि लोखंड वेगळं करत होता. त्याच्या एका बाजूला कापलेल्या काळ्या नळ्यांचा ढीग होता.

"थांबा! कापू नका! हात बाजूला घ्या!"

तो घाबरून मागे सरकला. त्याच्यापुढे पोतं होतं आणि पोत्यावर एक लोखंडी खाट उलटी टाकलेली. फोन वाजला. समीक्षा होती.

"मॅडम, बाळ सुस्त होऊन राहिलं. ओठ निळे दिसतात."

"ऑक्सिजन लाव!"

"लावला आहे."

मी आणि त्या म्हाताऱ्यानं खाट ओढून काढली. पोतं उलटं केलं. सगळे स्टेथो एकसारखे, काळे, एकमेकांत गुंतलेले. नंबरच्या पट्ट्या कोणीतरी सोलून टाकलेल्या. स्वच्छ करून द्यायची भैयाजींची पद्धत.

मी गुडघ्यांवर बसले. पहिला कानात घातला. काही नाही. फेकला.

दुसरा. काही नाही.

तिसऱ्याचं एक टोक तुटलेलं. तरी घातला.

"मॅडम, मेघा ओरडून राहिली. मी बॅगनं श्वास देत आहे."

चौथा. पाचवा. गाडीचा हॉर्न. रेल्वेचा भोंगा. माझाच श्वास.

म्हाताऱ्याच्या कात्रीत एक अडकलेला होता. मी ओरडले तेव्हा जिथे थांबला तिथेच. पात्यांच्या मधे नळी दबलेली.

"उघडा. सावकाश. अजिबात ओढू नका."

त्यानं पाती उघडली. नळीला नखाएवढी चीर पडली होती.

मी स्टेथो कानात घातला.

शांतता.

मग, फार लांबून, एक ठोका.

मग बराच वेळ काही नाही.

मी चिरेवर अंगठा दाबला. दुसरा ठोका आला. तिसरा. मी दाबून धरला, बोट पांढरं पडेपर्यंत. ठोके जवळ यायला लागले.

फोनमधून बाळाचं रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग भडकलेलं, हक्काचं.

"गुलाबी झालं मॅडम," समीक्षा म्हणाली, आणि ती पण रडत होती.

मी तशीच परतले, एका हातानं गाडी चालवत, दुसऱ्या हाताचा अंगठा चिरेवर ठेवून. समीक्षानं चिकटपट्टीचे चार वेढे दिले. भैयाजी दारात येऊन उभे होते, त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आत निघून गेले.

विवेक शाळेतून आला तेव्हा तानाबाईनं त्याला सगळं सांगितलं होतं.

"मॅडम, आम्ही असल्या गोष्टी मानत नाही," तो नम्रपणे म्हणाला. "मी मुलांना विज्ञान शिकवतो."

"मीही मानत नाही. हे घ्या."

त्यानं स्टेथो कानात घातला, घुमटी हवेत धरली. मग बाळाच्या छातीवर कान टेकवला. बराच वेळ तो तसाच वाकून होता. मग त्यानं स्टेथो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि एका हातानं खिसा धरून बाहेर गेला.

भैयाजींनी पुढच्याच आठवड्यात नवा प्रोब आणला. मी आभार मानले नाहीत.

परवा मी नाचणगावला गेले होते. सम्यक आता बसायला लागलाय. तो पाळण्यात बसून वाटी आपटत होता. पाळण्याच्या दांडीला स्टेथो लटकलेला, नळीला जागोजागी पट्ट्या.

"रोज पाहतो आमी," तानाबाई म्हणाली. "पन ते रबर कडक होऊन राह्यलं, बाई. वाकवलं की करकर वाजते."

"मॅडम, याले नवी नळी बसवता येते का?" मेघानं विचारलं. ती हे इतक्या सहज बोलली, पंख्याचं पातं बदलून मिळेल का विचारावं तसं.

मी काय सांगणार होते तिला? जुनी नळी काढून नवी घालेपर्यंत मधल्या वेळात काय होईल, हे कोणत्या पुस्तकात आहे? इतकी वर्षं शिकले, इतक्या बाळांच्या नळ्या मिटताना पाहिल्या, आणि एका रबराच्या तुकड्यापुढे माझे हात बांधलेले. मला रागच आला. मी स्टेथो कानात घातला.

स्वच्छ ठोके होते. आणि त्यांच्या मागे, बारीक, अखंड, ती जुनी घरघर होती.

इथे जवळपास जिनिंग नव्हतं. पंखा बंद होता.

मी कात्रीच्या जागेवरची पट्टी वर केली. चीर रुंदावली होती. मी तिच्यावर बोट ठेवलं, आणि घरघर थांबली.

बोट उचललं, घरघर आली.

पुन्हा ठेवलं.

वाटी आपटण्याचा आवाजही थांबला होता. मी वर पाहिलं. सम्यक वाटी तशीच हातात धरून, हसू अर्ध्यावर सोडून, माझ्या बोटाकडे बघत होता.